एका भिंतीची तीन मापं : हर्णैजवळच्या एका स्वयंपाकघराचं प्रकरण

मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या कागदावर चारच आकडे होते. लांबी 11.6, रुंदी 9.10, उंची 10.4, खिडकी 3 बाय 3.6. 2024 च्या शिमग्याला तो गावी आला होता. पालखी घरी येऊन गेली आणि परतीच्या दिवशी त्याने घाईत टेप लावला. तो कागद मुंबईत किचन ट्रॉल्या बनवणाऱ्या एका कारखान्याकडे गेला. आठ दिवसांत रंगीत चित्र तयार झालं, आगाऊ रक्कमही भरली गेली. आईने ते चित्र फोनवर पाहिलं आणि एवढंच विचारलं, "फ्रीज कुठे आहे रे?"

फ्रीज माजघरात दाखवला होता, देव्हाऱ्याला खेटून. स्वयंपाकघरात जागा बसत नाही, असं कारखान्याचं म्हणणं. त्याच्या आईला, म्हणजे काकूंना, ते पटेना, म्हणून मुलाने मला फोन केला. मी दापोलीत राहून जुन्या घरांची दुरुस्ती आणि फेरबदल करतो. "एकदा जाऊन बघून या" एवढंच त्याचं म्हणणं होतं. त्या एकदाचं पुढे तीनदा झालं. ते तिन्ही वेळा का जावं लागलं ते सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडची बरीचशी स्वयंपाकघरं अशाच चार आकड्यांवर उभी राहतात आणि नंतर वर्षानुवर्षं बाईच्या पाठीला त्रास देतात.

घर

हर्णै बंदरापासून जवळच, रस्त्यावरून पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून गेलं की हे घर लागतं. काकूंच्या सासऱ्यांनी बांधलेलं. पुढे ओटी, मग माजघर, आणि मागे समुद्राच्या अंगाला म्हणजे पश्चिमेला स्वयंपाकघर. भिंती चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या, वर पुढे कधीतरी केलेला सिमेंटचा गिलावा. चिरा साधारण 14 इंच लांब, 9 इंच रुंद आणि 7 इंच जाड असतो. तो हाताने घडवलेला, त्यामुळे दोन चिरे सारखे नसतात आणि भिंतीची जाडीही जागोजाग बदलते. गिलावा हे सगळं झाकतो. भिंत सरळ आहे असं डोळ्यांना वाटत राहतं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, तेव्हा दापोली आणि मंडणगड तालुक्यांत घरांची छपरंच्या छपरं उडाली. या घराच्या स्वयंपाकघरावरची मंगलोरी कौलं, रिपा, वासे सगळं गेलं. पावसाळा डोक्यावर होता. मिळाले त्या गवंड्याकडून भिंतीवर चिऱ्याचे दोन थर चढवून घेतले आणि लोखंडी अँगल टाकून पत्रे ठोकले. त्या वर्षी गावोगाव असंच झालं, दुसरा इलाजच नव्हता. पण ते दोन थर जुन्या भिंतीच्या रेषेत बसलेले नाहीत, हे चार वर्षांनी माझ्या टेपला कळलं.

9.10 म्हणजे किती

भिंतीला हात लावायच्या आधी मी मुलाच्या कागदावरचे आकडे आणि कारखान्याचं चित्र शेजारी ठेवून पाहिले. चित्रात दक्षिणेची भिंत 2774 मिलिमीटर होती. मुलाने लिहिलेलं 9.10 म्हणजे 9 फूट 10 इंच, म्हणजे 118 इंच, म्हणजे 2997 मिलिमीटर. कारखान्यातल्या माणसाने ते दशांशात वाचलं, 9.1 फूट. फरक 223 मिलिमीटर, जवळजवळ 9 इंच. फ्रीज नेमका याच 9 इंचांत हरवला होता. 24 इंच रुंदीच्या फ्रीजला दोन्ही बाजूंना हवा खेळायला दोन-दोन इंच धरले तर 28 इंच लागतात. त्यांच्या हिशेबात 25 च उरत होते.

यात कोणी आळस केला असं मला वाटत नाही. आपण फुटानंतर टिंब देऊन इंच लिहितो, कारखाना टिंबानंतर दशांश वाचतो. 9.1 आणि 9.10 हे दोन आकडे आपल्याला वेगळे दिसतात, यंत्राला एकच. म्हणून माझ्या कागदावर टिंब कधीच नसतं. भिंतीवर मेस्त्रींसाठी फूट-इंच-सूत, कागदावर कारखान्यासाठी मिलिमीटर, दोन्ही शेजारी शेजारी. आठ सुतांचा इंच, आणि एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून जरासं जास्त.

मे महिना, लेव्हल पाइप आणि आगळ

मे महिन्यात मी आणि मेस्त्री सकाळीच पोचलो. आधी दोघांचे टेप एकमेकांना लावून पाहिले. मेस्त्रींच्या टेपचं पुढचं नाकाड वाकलेलं होतं आणि माप 2 सूत जास्त दाखवत होतं. ते नाकाड थोडं सैल असतं ते मुद्दाम. आतून माप घेताना ते दाबलं जातं, बाहेरून घेताना ओढलं जातं, आणि स्वतःच्या जाडीएवढा फरक भरून काढतं. ते वाकलं की सगळं बिघडतं. नाकाड खराब असेल तर गवंडी टेप 1 फुटाच्या खुणेवर धरून माप घेतात आणि शेवटी एक फूट वजा करतात. युक्ती चांगली आहे, पण घाईत तो फूट वजा करायचा राहतो, आणि तशी चूक झालेले ओटे मी पाहिले आहेत. आम्ही दिवसभर माझाच टेप वापरला.

पहिलं काम जमिनीचं. या खोलीत पूर्वी सारवण होतं, मग कोबा झाला, त्यावर शहाबादी फरशी. वायव्य कोपऱ्यात मोरी आहे, आणि सारवणाच्या काळापासून पाणी तिकडे वळावं म्हणून जमीन त्या अंगाला उतरती. किती उतरती, ते डोळ्यांना कळत नाही. मी लेव्हल पाइप काढला, म्हणजे दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं अशी पारदर्शक नळी, पाणी भरलं, बुडबुडे जाईपर्यंत बोटाने टिचक्या मारल्या. मेस्त्री बाहेर चिऱ्याच्या मापात गुंतले होते, म्हणून पाइपचं दुसरं टोक काकूंनी धरलं. खिडकीतून उजेड सरळ डोळ्यांवर येत होता, पाइपातलं पाणी दिसेना. काकू म्हणाल्या, "थांब जरा," आणि फडताळातून आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली काढून आणली. दोन थेंब आगळ पडताच पाणी कोकमासारखं लाल झालं आणि दोन्ही टोकांना रेघ स्पष्ट उमटली. आगळ घातलेली रेघ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. आता माझ्या पिशवीत लहान बाटली कायम असते.

आग्नेय कोपऱ्यापासून मोरीपर्यंत उतार निघाला पावणेदोन इंच. म्हणजे फरशीवरून उंची मोजून ओटा घातला असता, तर एका टोकाला 34 आणि दुसऱ्या टोकाला 34 असं कागदावर दिसूनही दगड तिरका बसला असता. लाल पाण्याच्या त्या खुणांवरून आम्ही चारही भिंतींवर 3 फुटांची एक सलग रेघ मारून घेतली, दोरीला गेरू लावून. पुढची प्रत्येक उंची त्या रेघेपासून वर किंवा खाली. फरशी विसरून जायची.

मग भिंती. प्रत्येक भिंत आम्ही तीन ठिकाणी मोजतो : फरशीलगत, ओट्याच्या उंचीला, आणि डोक्याच्या वर 7 फुटांवर. पश्चिमेची भिंत खाली 11 फूट 6 इंच 4 सूत, मध्ये 11 फूट 5 इंच, वर 11 फूट 3 इंच 4 सूत. मुलाच्या 11.6 मध्ये चूक नव्हती. त्याने एक माप घेतलं, भिंतीला तीन होती. 7 फुटांवर जो फरक पडला तो वादळानंतरच्या त्या दोन थरांचा. ते साधारण 6 फूट 8 इंचांवर सुरू होतात आणि इंचभर आत आलेले आहेत. 6 फुटांवर थांबलो असतो तर तेही सुटलं असतं, आणि वरची कपाटं बसवताना डोकं आपटलं असतं.

काटकोन तपासायचा गुण्या नैर्ऋत्य कोपऱ्यात लावला तेव्हा 2 फुटांवर 5 सुतांचा फरक दिसला. खात्रीसाठी 3-4-5 करून पाहिलं : एका भिंतीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर. कोपरा काटकोनात असता तर तिरकं अंतर 5 फूट भरलं असतं. ते आलं 4 फूट 11 इंच 2 सूत. खोलीचे दोन कर्ण घेतले, तर एक 15 फूट 3 इंच 4 सूत, दुसरा 14 फूट 11 इंच. साडेचार इंचांचा फरक. काटकोनात कापलेला ग्रॅनाइट त्या कोपऱ्यात कधीच बसला नसता, आणि दगड जागेवर कापायचा म्हणजे आठवडाभर घरभर धूळ. दक्षिणेच्या भिंतीला मध्यावर 6 सुतांचं पोट होतं. दोन टोकांना सारख्या जाडीच्या खपल्या लावून दोरी ताणली आणि दोरीपासून भिंत किती लांब ते फूट-फूट अंतरावर मोजत गेलो. हे काम कंटाळवाणं वाटतं खरं, पण ट्रॉलीच्या मागची फट याच आकड्यांवरून ठरते.

उंचीचं मात्र मुलाने पूर्वेला, माजघराच्या भिंतीशी घेतलं होतं, तिथे ती खरोखर 10 फूट 4 इंच आहे. पत्रा पश्चिमेला उतरतो. तिथे उंची भरली 7 फूट 2 इंच, आणि अँगल आणखी 2 इंच खाली. चित्रातली वरची कपाटं त्या अँगलच्या आतून आरपार गेली होती.

खिडकीचंही असंच. गज बाहेरून आहेत, म्हणून झडपा आत उघडतात. चित्रात सिंक खिडकीखाली आणि त्यावर उंच मानेचा नळ. झडप उघडली की नळाला आदळणार. खिडकीचं माप घेताना चौकटीबरोबर झडपेचा फेरा घ्यायचाच, हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो.

काकूंचं माप

काकू 4 फूट 11 इंच. उभ्या राहून हात कोपरात मोडला तर कोपर जमिनीपासून 37 इंचांवर. कापायला, मळायला ओटा कोपरापासून चारेक इंच खाली असला की खांदे वर उचलावे लागत नाहीत. म्हणजे 33 इंच. पण शेगडी ओट्यावर ठेवली की तिचीच उंची 4-5 इंच, त्यावर पातेलं. 34 इंचांच्या ओट्यावर ढवळताना काकूंचं मनगट छातीपर्यंत जात होतं. मी त्यांना रिकामं पातेलं देऊन वेगवेगळ्या उंचीवर, खाली पाट ठेवून, काढून, पळी फिरवायला सांगितली. शेगडीखालचा भाग साडेएकोणतीस इंच ठरला.

मुलाचं म्हणणं, सून 5 फूट 4 इंच आहे, तिला हे खुजं पडेल. त्याचं बरोबर होतं. पण सून गणपतीत आणि मे महिन्यात मिळून वीस-पंचवीस दिवस असते. उरलेलं वर्ष या ओट्यापुढे काकू एकट्या उभ्या असतात. माझं मत मी स्पष्ट सांगितलं, आणि सूनबाईंनीच फोनवर "आईंच्या मापाने करा" म्हणून विषय संपवला.

मग सामान मोजलं. मोदकपात्र, भाकरीचा तवा, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, उकड्या तांदळाची दोन पिंपं, सुक्या मासळीचा घट्ट झाकणाचा डबा. काकू विळी घेऊन खालीच बसतात. मासळी साफ करायचं काम मोरीत, बसूनच. चित्रात मोरी बुजवून तिथे उभं कपाट दाखवलं होतं. ती मोरी राहिली, आणि तिच्यासमोर अडीच फूट जमीन मोकळी राहिली, कारण पाट टाकून बसलेल्या बाईला तेवढी लागते. घरगुती सिलिंडर साधारण 25 इंच उंच आणि साडेबारा इंच रुंद. तो उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वरच्या पातळीवर हवी, म्हणून त्याची जागा 33 इंचांच्या भागाखाली. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून त्या दाराला तळाशी जाळी.

जुलै

इथे चूक माझी. मी मे महिन्यात मोजलं, भिंत कोरडी ठणठणीत होती, आणि पावसाळ्यात ती कशी दिसते हे काकूंना विचारायचं मला सुचलं नाही. वीस वर्षं याच पट्ट्यात काम करूनही. नवा आराखडा मी मुलाला पाठवला आणि ऑर्डर द्यायला हरकत नाही असं कळवलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात काकूंचा फोन आला, "तू ज्या भिंतीला कपाटं लावतोस ना, तिथे ये आणि हात लावून बघ."

गेलो. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून झड बसत होती आणि खालून ओल चढत होती. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि धरून ठेवतो. दापोलीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बराच वाऱ्याबरोबर आडवा येतो. पूर्वी या भिंतीला बाहेरून झावळ्यांचे झाप बांधत, वादळानंतर ते बंद झालं. मी खडूने ओलीची कड आखली. नैर्ऋत्य कोपऱ्यात 2 फूट 7 इंच, खिडकीखाली 2 फूट 1 इंच, मोरीकडे जवळजवळ 3 फूट. त्या भिंतीला प्लायवूडच्या ट्रॉल्या चिकटवल्या असत्या तर दुसऱ्या पावसाळ्यातच त्या फुगल्या असत्या. आय.एस. 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेला प्लाय पाणी बराच काळ सोसतो, पण सतत ओल्या भिंतीला पाठ लावून चार महिने उभं राहायला तो केलेला नाही, आणि बिजागऱ्या तर खाऱ्या हवेत त्याआधीच जातात.

ऑर्डर नशिबाने गेली नव्हती. मुलाला गणपतीआधी, म्हणजे 7 सप्टेंबरच्या आत, काम हवं होतं. मी नाही म्हटलं. ओल्या भिंतीला नवा गिलावा धरत नाही, आणि घाईचं काम करून पैसे घेणं मला जमलं नसतं. तो दोन दिवस नाराज होता. त्या गणपतीत जुन्याच ओट्यावर चौदा माणसांचा स्वयंपाक झाला.

वाट

स्वयंपाकघरापर्यंत सामान कसं पोचणार, हेही मोजावं लागतं. टेम्पो रस्त्यावर थांबतो, तिथून 43 पायऱ्यांची पाखाडी, मग अंगण, मग उत्तरेचं मागील दार, आतून आत 2 फूट 4 इंच. दक्षिणेच्या भिंतीएवढा 2 फूट रुंदीचा सलग ग्रॅनाइट नव्वद किलोच्या आसपास भरतो. तो पाखाडीवरून उतरवला तरी मागील दारातून वळत नाही. शेगडीची पातळी खाली आल्यामुळे दगडाला तिथे सांधा येणारच होता. तिथेच तुकडे केले, आणि दोन माणसांनी ते आरामात उतरवले.

काम

दिवाळीनंतर सुरू केलं. पश्चिमेला बाहेरून भिंत खरवडून नवा गिलावा आणि वर झड अडवायला दीड फूट पत्र्याची झडप. आतून त्या भिंतीला लाकूड अजिबात नाही : उभ्या कडप्प्यांवर ओटा, भिंतीपासून 3 इंच सोडून, खाली उघड्या स्टीलच्या जाळ्या. सिंक खिडकीच्या पुढे, मोरीकडे सरकवलं, त्यामुळे खिडकीची झडप मोकळी झाली आणि पाइपही कमी लागला. ट्रॉल्या फक्त दक्षिणेला, भिंतीच्या पोटाचे आकडे धरून पाठीमागे एक इंच ठेवून. फ्रीज त्याच भिंतीच्या पूर्व टोकाला उभा राहिला.

वरची कपाटं चित्रातल्या 28 इंचांऐवजी 24 इंचांची केली, 4 फूट 7 इंचांपासून 6 फूट 7 इंचांपर्यंत. म्हणजे वादळानंतरच्या थराच्या इंचभर खाली ती संपतात, आणि काकूंचा हात दुसऱ्या फळीपर्यंत सहज जातो. चिऱ्यात साधे फास्टनर धरत नाहीत, भोकाच्या आत पोकळी लागते आणि ते गरगर फिरतात. स्टीलचे अँगल भिंतीत 5 इंच खोल सिमेंटमध्ये बसवून आठवडाभर ठेवले आणि मगच कपाटं टांगली.

ग्रॅनाइट कापायला देताना आम्ही आकडे दिले नाहीत. नैर्ऋत्य कोपऱ्याचा साचा पुठ्ठ्यात कापून दिला. तरी मागच्या बाजूला 3 सुतांची फट राहिली. पुठ्ठा पाखाडीवरून नेताना कोपऱ्यात दुमडला होता, ते माझ्या लक्षात आलं नाही. फट पट्टीखाली गेली. आता असा साचा मी पातळ प्लायचा करतो.

2025 साली पाऊस मे महिन्यातच आला. जुलैत मी मुद्दाम जाऊन आलो. पश्चिमेच्या भिंतीवर मागच्या वर्षीची माझी खडूची रेघ काकूंनी पुसू दिली नव्हती. ओल खिडकीखाली तिच्यापेक्षा 9 इंच खाली थांबली होती, मोरीकडे मात्र जवळजवळ तिथेच होती. बाहेर त्या कोपऱ्याला पत्र्याची झडप पुरत नाही, ती दोन फूट लांबवायची आहे. काकूंनी 3 इंचांच्या फटीत हात घालून कडप्प्याची मागची बाजू चाचपली, आणि बोटं पदराला न पुसताच कुळथाचं पिठलं ढवळायला वळल्या.